शत्रूच्या आवाजात बोलणारा बातमीदार

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले, तेव्हा बर्लिनमध्ये डेनिस सेफ्टन डेल्मर नावाचा दहा वर्षांचा इंग्रज मुलगा राहत होता. जन्म तिथलाच, २४ मे १९०४ चा. वडील फ्रेडरिक डेल्मर मूळचे टास्मानियाचे आणि बर्लिन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. जर्मन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी साहित्याचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि शहराबाहेरच्या रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उभारलेल्या छावणीत जाऊन पडला. मुलगा मात्र फ्रीडरिक्स-वेर्डर शाळेत जात राहिला. अख्ख्या शाळेत तो एकटा इंग्रज. भोवतालची मुले आपल्या सैन्याच्या विजयाची गाणी म्हणत होती, फळ्याशेजारच्या नकाशावर विजयाच्या खुणा पुढे सरकत होत्या, आणि ज्यांचा पराभव साजरा होत होता त्यांतला एक त्याच बाकांवर बसून सगळे ऐकत होता.

१९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत हे कुटुंब इंग्लंडला पोचले. तिथे सेंट पॉल्स शाळेत नाव घातले, तर आता त्याचे इंग्रजी जर्मन वळणाचे. बर्लिनमध्ये इंग्रज आणि लंडनमध्ये जर्मन, असे त्याचे बालपण गेले. पुढे ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात शिकून तो पत्रकारितेत शिरला आणि १९२८ मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या ‘डेली एक्सप्रेस’ने त्याला बर्लिन कार्यालयाचा प्रमुख नेमले. वय चोवीस. जर्मन तो बर्लिनच्या रस्त्यावरच्या पोरासारखी बोलत असे. शिव्यांसकट, विनोदांसकट. हे तपशील आधी सांगण्याचे कारण असे की दुसऱ्या महायुद्धात या माणसाने जे काही केले ते कोणत्याही गुप्तहेरशाळेत शिकून आलेले नव्हते. ते या दोन शाळांतून आणि बातमीदारीच्या बारा वर्षांतून आलेले होते.

बर्लिनच्या त्या वर्षांत डेल्मरने एक गोष्ट इतर परदेशी वार्ताहरांच्या आधी ओळखली: नाझी पक्षाला हसून चालणार नाही. त्याने नाझींच्या वादळी दलाचा प्रमुख एर्न्स्ट र‍्योम याच्याशी ओळख वाढवली आणि त्याच्याच मार्फत १९३१ मध्ये हिटलरची मुलाखत मिळवली. हिटलरशी बोलणाऱ्या पहिल्या ब्रिटिश पत्रकारांपैकी तो एक. १९३२ च्या निवडणुकीत हिटलर विमानाने गावोगाव सभा घेत फिरला, तेव्हा त्या विमानात डेल्मरलाही जागा होती. आकाशात असताना हा पुढारी गप्प, निस्तेज बसून असे. विमान उतरले, गर्दी दिसली की चेहरा बदले, डोळ्यांत तेज येई. हा फरक डेल्मरने हाताच्या अंतरावरून पाहिला. पुढाऱ्याचा आवाज हा घडवलेला असतो आणि घडवलेली वस्तू दुसऱ्यालाही घडवता येते, हा धडा त्याला त्या प्रवासांत मिळाला असावा असे मला वाटते.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली. हिटलर पंतप्रधान होऊन चार आठवडेच झाले होते. डेल्मर धावत तिथे पोचला आणि हिटलर, गोबेल्स आत शिरले तेव्हा त्यांच्या मागोमाग तोही धुमसत्या दालनांतून चालत गेला. हे काम कम्युनिस्टांचेच निघो, अशी इच्छा हिटलर बोलून दाखवत असल्याचे त्याने ऐकले. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने जर्मन नागरिकांचे भाषणाचे, सभेचे, टपालाच्या गुप्ततेचे हक्क गेले, ते बारा वर्षे परत आले नाहीत. त्या रात्री हिटलरच्या इतक्या जवळून चालणारा परका बातमीदार दुसरा नव्हता.

इतक्या जवळिकीची किंमतही होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांना तो नाझींचा मित्र वाटे. जर्मनांना तो ब्रिटिश हेर वाटे. दोन्ही बाजूंनी त्याच्या नावाच्या नोंदी होत होत्या. इंग्लंड जिंकल्यावर कोणाकोणाला पकडायचे याची जी यादी नाझी सुरक्षा खात्याने १९४० मध्ये छापली, तीत डेल्मरचे नाव होते. मधल्या काळात तो स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदमध्ये राहिला. जनरल फ्रँकोच्या मदतीला हिटलरने पाठवलेल्या ‘कोंडोर लीजन’च्या विमानांनी त्या देशातल्या शहरांवर बॉम्ब टाकले. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. नंतर पोलंडचा पाडाव त्याने पाहिला, १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळतानाही पाहिला आणि पळणाऱ्या लोंढ्याबरोबर इंग्लंड गाठले.

१९ जुलै १९४० ला हिटलरने बर्लिनमध्ये भाषण करून ब्रिटनपुढे तहाचा हात केला. शेवटची संधी, असा सूर. योगायोग असा की त्याच संध्याकाळी बीबीसीच्या जर्मन विभागातून डेल्मरचे पहिले भाषण व्हायचे होते. तासाभरात तो ध्वनिक्षेपकासमोर बसला आणि अस्सल जर्मनमध्ये, अत्यंत सभ्य संबोधनांनी सुरुवात करून, हिटलरचा प्रस्ताव हिटलरच्याच तोंडावर फेकून मारला. मंत्रिमंडळाची परवानगी नव्हती, परराष्ट्र खात्याशी सल्लामसलत नव्हती. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला की इतक्या मोठ्या विषयावर बोलायला हा कोण. बर्लिनमध्ये मात्र ऐकणाऱ्यांना धक्का बसला: सरकारी मान्यतेशिवाय असे उत्तर जाऊ शकते, ही कल्पनाच त्यांना करता येत नव्हती. तहाची गोष्ट संपली असा अर्थ त्यांनी काढला. एका वार्ताहराच्या आगाऊपणाला त्यांनी राज्याचा निर्णय समजले. याहून चांगली परीक्षा कोणत्या निवड समितीने घेतली असती?

मधे लिस्बनला राहून जर्मनीतून निसटलेल्या माणसांकडून तिथल्या जगण्याची माहिती गोळा केल्यावर डेल्मर गुप्त प्रचाराच्या कामात आला. पुढे हे काम ‘पोलिटिकल वॉरफेअर एक्झिक्युटिव्ह’ या नव्या खात्याकडे गेले. प्रचाराचे तिथे दोन रंग मानले जात. पांढरा म्हणजे उघड, बीबीसीसारखा, ‘आम्ही लंडनहून बोलतो आहोत’ असे सांगणारा. काळा म्हणजे आपण कोण हे लपवून शत्रूच्याच गोटातून बोलतो आहोत असे भासवणारा. अशी केंद्रे दोन्ही बाजूंनी चालवली. जर्मनांनीही ब्रिटनमधून बोलतो आहोत अशी बतावणी करणारे एक केंद्र थेट बर्लिनमधून चालवले होते. पण तिकडची नक्कल चटकन उघडी पडे. डेल्मरची पडत नसे, कारण तो नक्कल करत नव्हता. ती भाषा त्याची स्वतःची होती.

२३ मे १९४१ ला ‘गुस्ताफ झीगफ्रीड आइन्स’ हे त्याचे पहिले केंद्र बोलू लागले. दोनच आठवड्यांपूर्वी हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडमध्ये उतरला होता आणि जर्मनीत सगळ्यांच्या मनात गोंधळ होता. या लघुलहरीवरून ‘डेर शेफ’, म्हणजे साहेब, नावाचा कुणी जुन्या वळणाचा प्रशियन अधिकारी आपल्या माणसांशी बोलतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटे. पहिल्याच खेपेला त्याने चर्चिलला अशा घाणेरड्या शिव्या घातल्या की हे केंद्र ब्रिटिशांचे असेल असे कुणाच्या स्वप्नातही येऊ नये. हिटलरबद्दल तो आदराने बोले. त्याचा सगळा राग पक्षाच्या खालच्या-मधल्या पुढाऱ्यांवर: तुमची पोरे रशियाच्या बर्फात मरत असताना हे गावातले साहेब कपड्यांच्या कूपनांवर हात मारतात, बायका ठेवतात, आपल्या मुलांना आघाडीवरून सोडवून आणतात. नावे, गावे, पदे खरी असत. पाप तेवढे डेल्मरचे. ‘शेफ’चा आवाज होता पेटर झेकेलमान या बर्लिनहून परागंदा झालेल्या लेखकाचा, आणि स्टुडिओ होता लंडनच्या उत्तरेला, बेडफर्डशायरच्या आसपासच्या शांत खेड्यांत. ॲस्पली गाइझ गावातल्या ‘द रूकरी’ नावाच्या घरात डेल्मर आणि त्याची माणसे राहत. त्याची चित्रकार पत्नी इझाबेलही याच खात्यात काम करी.

या केंद्राला अश्लीलतेचे वावडे नव्हते. एका जर्मन नौसेनाधिकाऱ्याच्या रंगढंगांचे वर्णन १९४२ च्या जूनमध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या हाती पडले. हे तेच क्रिप्स, जे तीनच महिन्यांपूर्वी दिल्लीत योजना घेऊन आले होते आणि रिकाम्या हाताने परतले होते. ते इतके संतापले की परराष्ट्रमंत्री ईडन यांना त्यांनी लिहिले: असल्या गोष्टींनीच युद्ध जिंकायचे असेल तर ते हरलेले बरे. खात्याचे प्रमुख ब्रूस लॉकहार्ट यांनी डेल्मरला पाठीशी घातले आणि केंद्र चालू राहिले. क्रिप्स यांचा सोवळेपणा आज बाळबोध वाटेल. मला तो वाटत नाही. फक्त त्यांचा आक्षेप चुकीच्या जागी होता. चावट गोष्टीने कुणाचे फार बिघडत नाही. डेल्मरने पुढे जे केले त्यावर असा आक्षेप कुणी मंत्र्याने घेतला नाही.

१९४३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘शेफ’चा शेवट करायचे ठरले. बोलता बोलता दारावर गेस्टापो, गोळ्यांचे आवाज, शांतता, असे नाट्य ध्वनिमुद्रित झाले. प्रक्षेपण करणाऱ्या तंत्रज्ञाला जर्मन येत नव्हते. त्याने नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे ती तबकडी दुसऱ्यांदाही लावली आणि ‘शेफ’ दोनदा मेला. शत्रूच्या हे ध्यानात आल्याची काही खूण दिसली नाही.

एव्हाना डेल्मरचा विचार पुढे गेला होता. शिव्या घालणारा एकटा म्हातारा ऐकून माणूस खूश होतो, पण रोज ऐकण्याची सवय लागायला त्याला बातमी हवी. १९४३ च्या वसंतात ‘अटलांटिक’ हे पाणबुड्यांवरच्या खलाशांसाठीचे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्याआधी ‘झोल्डाटेनझेंडर कॅले’, फ्रान्समधल्या जर्मन सैनिकांसाठीचे. मिल्टन ब्रायन गावात कुंपण घालून खास स्टुडिओ बांधला गेला. ससेक्समधल्या क्रोबरोला ‘ॲस्पिडिस्ट्रा’ नावाचा प्रक्षेपक होता. अमेरिकेत एका खासगी केंद्रासाठी तो बनवला होता, पण तिथल्या कायद्याने ५० किलोवॅटच्या वर जाऊ दिले नाही म्हणून पडून राहिला होता. ब्रिटिश सरकारने तो १,६५,००० पौंडांना घेतला. त्याची ताकद ६०० किलोवॅटपर्यंत नेण्यात आली. मध्यम लहरीवर युरोपभर ऐकू जाईल असा आवाज आता डेल्मरच्या हाती होता.

त्याच्या कामाची खरी थोरवी, आणि खरा धोका, इथे आहे. त्याने युद्धाच्या धामधुमीत एक उत्तम वृत्तपत्र कार्यालय उभारले. जर्मन सरकारी वृत्तसंस्थेचा एक दूरमुद्रक युद्धाआधी लंडनच्या कार्यालयात सोडून तिची माणसे गेली होती. तो डेल्मरने मिळवला, आणि बर्लिनहून जर्मन संपादकांना जाणारी प्रत्येक बातमी त्याच क्षणी त्याच्याही टेबलावर पडू लागली. युद्धकैद्यांची चौकशी करणारे अधिकारी त्याला खबरा देत. कैद्यांच्या खोल्यांत लपवलेल्या ध्वनिग्राहकांतून टिपलेले संभाषण त्याला मिळे: कोणत्या बंदरातल्या कोणत्या दारूच्या दुकानात कोण बसतो, कोणत्या अधिकाऱ्याला खलाशी काय नावाने चिडवतात. नौदल हेरखात्यातून मदत येई. तिथे काम करणारा इयान फ्लेमिंग हाही पूर्वीचा बातमीदार. पकडलेल्या टपालातून बारसे-लग्नांच्या वार्ता निघत. फुटबॉलचे निकाल वेळेवर असत. आणि संगीत तर असे की नाझी राज्यात ते वाजवायला बंदी होती. मार्लिन डिट्रिशने अमेरिकेत मुद्रित केलेली जर्मन गाणी या केंद्रावरून लागत.

विमानहल्ल्यानंतर हवाई छायाचित्रे अभ्यासून कोणत्या शहरातला कोणता रस्ता बेचिराख झाला हे केंद्र सांगे, आणि सोबत आठवण करून देई की ज्याचे घर गेले त्या सैनिकाला रजा मागायचा हक्क आहे. प्रत्येक शब्द खरा. नॉर्मंडीतल्या खंदकात बसलेला हॅम्बुर्गचा जवान हे ऐकून काय करील? वरिष्ठाकडे जाईल. वरिष्ठ नाही म्हणेल. दोघांमधले काहीतरी तुटेल. यात खोटे कुठे शोधणार?

खोटे असे ते मधेच, एखादे. आई कडू औषध मधाच्या बोटाबरोबर चाटवते, तसे चार खऱ्या बातम्यांबरोबर ते गिळले जाई. नकळत किंवा आळसाने एकही चूक होता कामा नये. खोटे बोलायचे ते ठरवूनच, असा डेल्मरचा सहकाऱ्यांना दंडक होता. कुठल्याही संपादकाने भिंतीवर लावावा असा या नियमाचा पहिला अर्धा भाग आहे. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी तो पहिला राबवला जात होता. ६ जून १९४४ च्या पहाटे दोस्त सैन्य नॉर्मंडीला उतरल्याची पहिली जर्मन तार दूरमुद्रकावर उमटताच ‘कॅले’ने ती जगाला सांगितली, मित्र आणि शत्रू दोघांच्या अधिकृत केंद्रांच्या आधी. सप्टेंबरमध्ये कॅले शहर दोस्तांच्या हाती पडले, तेव्हा केंद्राने नावात ‘वेस्ट’ घातले आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू लागले. एप्रिल १९४४ पासून ‘नाखरिष्टन फ्यूर डी ट्रुप्पे’ नावाचे सैनिकांचे दैनिकही अमेरिकनांच्या मदतीने निघत होते, आणि विमानांतून त्याच्या लाखो प्रती रोज जर्मन फौजांवर पडत.

चोरट्या केंद्राचीच, १९४२ सालची एक गोष्ट मुंबईची. ‘छोडो भारत’नंतर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवत जागा बदलत, ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. ज्या साम्राज्याची राजधानी बेडफर्डशायरमधून चोरटी केंद्रे चालवत होती, त्याच साम्राज्याच्या पोलिसांनी हे केंद्र हुडकून काढले आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी ती येरवड्याला भोगली. त्यांनीही ठिकाण लपवले होते. पण आपण काँग्रेसचा आवाज आहोत हे त्या पहिल्या वाक्यात सांगत. चोरून बोलणे आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन बोलणे यांत जो फरक आहे, तो डेल्मरच्या पुढच्या कामाकडे पाहताना डोळ्यांसमोर ठेवावा.

कारण पुढचे काम निर्दय होते. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी जर्मन शहरांतली मुले दूरच्या शिबिरांत पाठवली जात. त्या शिबिरांत घटसर्पाची साथ असल्याची बातमी डेल्मरने सोडली, आणि तीही कशी? तिथल्या डॉक्टरांनी मृत्यूंचा आकडा आठवड्याला साठपर्यंत खाली आणला म्हणून त्यांचे अभिनंदन करून. ही बातमी सैनिकांसाठी होती, म्हणजे त्या मुलांच्या बापांसाठी. जर्मन लष्करी इस्पितळे मृत सैनिकांची माहिती बिनतारी संदेशाने त्यांच्या गावी कळवत. ते संदेश टिपून डेल्मरची माणसे मृताच्या घरी पत्र पाठवत, इस्पितळातल्या सहृदय परिचारिकेने किंवा सोबत्याने लिहिल्यासारखे. तुमच्या मुलाने मरताना एखादी मौल्यवान वस्तू तुमच्यासाठी ठेवली होती, ती पक्षाच्या अमुक अधिकाऱ्याकडे दिली आहे. ती वस्तू कधीच नव्हती. आई त्या अधिकाऱ्याच्या दारी जाणार, तो कानांवर हात ठेवणार, आणि सगळ्या गल्लीला कळणार की यांनी मेलेल्याच्या टाळूवरचे लोणीही सोडले नाही.

डेल्मरने पुढे आत्मचरित्रात हे सगळे स्वतः लिहिले आहे. लपवले नाही, आणि यात क्रौर्य आहे हेही नाकारले नाही. समोर ऑश्विट्झ चालवणारी सत्ता होती. तिला लवकर पाडणे हे मोठे पुण्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी ते पत्र वाचून त्या आईचे जे होते, ते पुण्य आहे असे मला म्हणवत नाही. युद्धातल्या काही कृत्यांना समर्थन असते, पण त्यांचे कौतुक करता येत नाही. हे त्यांतले एक.

१९४५ च्या मार्चमध्ये ॲस्पिडिस्ट्राचा सर्वांत धाडसी वापर झाला. बॉम्बफेकी विमानांना दिशा सापडू नये म्हणून हल्ल्याच्या वेळी जर्मन केंद्रे गप्प होत. ज्या क्षणी खरे केंद्र गप्प होई, त्याच लहरीवर इंग्लंडहून ‘तेच’ केंद्र पुढे बोलू लागे. निवेदकाचा स्वर तोच, ढंग तोच. आणि सूचना अशा की बायकामुलांनी घरे सोडून बाहेर पडावे, म्हणजे रस्ते माणसांनी तुंबतील आणि फौजांना हलता येणार नाही. बर्लिनने इशारा दिला: शत्रू आपल्या लहरीवर खोटे आदेश देतो आहे, सावध राहा. तर असाच इशारा डेल्मरच्या केंद्रानेही दिला. त्यानंतर विश्वास ठेवण्याजोगा कोणताच आवाज उरला नाही. रस्त्यावर निघालेल्या त्या माणसांच्या डोक्यावर आकाशात कोणती विमाने होती हे वेगळे सांगायला नको.

एप्रिलमध्ये केंद्र बंद झाले. तेव्हा डेल्मरने सहकाऱ्यांना एकत्र करून मौन पाळायला सांगितले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांनी अशी दंतकथा रचली होती की आमचे सैन्य रणांगणावर हरलेच नाही, घरभेद्यांनी आणि ब्रिटिश वृत्तपत्रसम्राट लॉर्ड नॉर्थक्लिफच्या धूर्त प्रचाराने आम्हाला पाडले. त्या दंतकथेवर हिटलर पोसला गेला होता. आता आपणच ‘आम्ही जर्मनीला फसवून हरवले’ अशी फुशारकी मारली, तर नव्या हिटलरला आयती शिदोरी मिळेल. जर्मनी तोफांनी हरली, एवढेच जगाने म्हणावे. युद्ध संपल्यावर श्रेय न मागणारी माणसे दुर्मिळ असतात. या एका सल्ल्यासाठी मी डेल्मरला मोठा माणूस मानतो.

तो पुन्हा ‘डेली एक्सप्रेस’मध्ये गेला. १९५२ मध्ये त्याने उघड केले की हिटलरच्या सैन्यात पूर्व आघाडीचे हेरकाम सांभाळणारा जनरल गेलेन आता अमेरिकन डॉलरांवर हेरसंघटना चालवतो आहे. डेल्मरच्या युद्धकाळातल्या केंद्रात काम केलेला ओटो जॉन, हिटलरवरच्या २० जुलै १९४४ च्या कटातून निसटून इंग्लंडला आलेला वकील, पश्चिम जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचा पहिला प्रमुख झाला. १९५४ मध्ये तो पूर्व बर्लिनमध्ये जाऊन उभा राहिला आणि दीड वर्षाने परतल्यावर त्याला देशद्रोहासाठी चार वर्षांची शिक्षा झाली. नवी जर्मनी घडवायला हिटलरविरोधी माणसे पुढे येतील या आशेवर डेल्मरने युद्धात घाम गाळला होता. पुढे आली ती बरीचशी जुनी माणसे. त्यांच्या हाती स्वतःला निर्दोष ठरवणारा एक पुरावाही होता, आणि तो त्यांना डेल्मरनेच तयार करून दिला होता: सैन्य वेगळे, पक्ष वेगळा; सैन्याचे अधिकारी मनातून हिटलरच्या विरुद्धच होते. ‘शेफ’ अडीच वर्षे दुसरे काय सांगत होता? १९६२ मध्ये डेल्मरने आत्मचरित्राचा दुसरा भाग प्रसिद्ध केला आणि त्याला ‘ब्लॅक बूमरँग’ असे नाव दिले, ते याच वेदनेतून.

वर्नर म्योल्डर्सची कथा ही याची सर्वांत स्पष्ट साक्ष आहे. शंभर विमाने पाडणारा हा पहिला जर्मन वैमानिक, कॅथलिक, देशाचा लाडका. २२ नोव्हेंबर १९४१ ला ब्रेस्लाऊजवळ विमान अपघातात तो मेला. डेल्मरच्या माणसांनी त्याच्या नावाने एक पत्र बनवले, श्टेटिनच्या एका कॅथलिक धर्मगुरूला लिहिलेले. त्यात या राजवटीबद्दलची श्रद्धाळू माणसाची घुसमट होती. पत्राच्या प्रती जर्मन विमानातून टाकल्यासारख्या भासतील अशा कागदावर छापून ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर टाकल्या. चर्चच्या व्यासपीठांवरून ते पत्र वाचले गेले. हातोहात नकला झाल्या. राजवट चवताळली, पण ते खोटे आहे हे लोकांना पटवू शकली नाही. प्रचारकार्याच्या इतिहासात याइतकी यशस्वी बनावट क्वचितच सापडेल, आणि तिने एकाही निरपराधाला फसवून दुखावले नाही असे डेल्मरला वाटले असेल.

युद्ध संपल्यावरही ते पत्र खरे मानणारे जर्मन होते. राजवटीपुढे न झुकलेला श्रद्धावान योद्धा, अशी म्योल्डर्सची प्रतिमा त्यांच्या मनात टिकली. पश्चिम जर्मन नौदलाने १९६९ मध्ये एक विनाशिका त्याच्या नावाने सेवेत घेतली. १९७३ मध्ये हवाई दलाच्या ७४ व्या लढाऊ पथकाला त्याचे नाव दिले गेले. तोवर डेल्मरचे पुस्तक प्रसिद्ध होऊन अकरा वर्षे झाली होती.

सेफ्टन डेल्मर ४ सप्टेंबर १९७९ ला एसेक्समधल्या लामार्श गावी वारला. म्योल्डर्सची गोष्ट मात्र संपली नव्हती. तो ‘कोंडोर लीजन’चा वैमानिक होता. १९३८ मध्ये स्पेनमध्ये जाऊन त्याने फ्रँकोसाठी चौदा विमाने पाडली होती. त्या दलातल्या कुणाचाही जर्मन सैन्याने गौरव करू नये असा ठराव जर्मन संसदेने १९९८ मध्ये केला, आणि त्यावर बोट ठेवून ७४ व्या पथकावरचे म्योल्डर्सचे नाव २००५ मध्ये उतरवण्यात आले. पत्र रचले गेल्याला तेव्हा साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.